देव, जादू आणि लढाईवाली कादंबरी लिहायचीय? आधी एक लाल वही आणा

आमच्याकडे इंदूरला दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर सात-आठ पोरं जमतात, नववीपासून ते कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतची, आणि सगळ्यांना लिहायची असते फँटसी. जादू हवी, देव हवेत, आणि शेवटी मोठ्ठी लढाई हवी. इंग्रजीत ढीगभर वाचलेलं असतं त्यांनी, पण लिहायचं मराठीतच असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. (एकीला कारण विचारलं तर म्हणाली, आजीला वाचून दाखवायचंय. मला ते फार आवडलं.) तीन वर्षं यांच्यासोबत बसून, यांची पानं वाचून, माझी स्वतःची कादंबरी दोनदा मुळापासून लिहून जे कळलं ते इथे लिहितेय, कोणाला सुरुवात करायची असेल तर कामी येईल.

सगळ्यात पहिले वही. लॅपटॉप नंतर. सराफ्याच्या आजूबाजूच्या दुकानांत ती लाल कापडाची लांब वही मिळते ना, व्यापारी लोक दिवाळीला पूजेत ठेवतात ती, तीच घ्या. प्रत्येक पात्राला एक पान द्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. म्हणजे या पात्राला कोणाकडून काय मिळालं आणि त्याच्यावर कोणाचं काय देणं चढलं. माणसांचं लिहा, देवांचं लिहा, भुतांचंही लिहा. नकाशे, राजवंशाच्या वंशावळी, तलवारींची नावं हे सगळं नंतर होतं, पण कोण कोणाचं देणं लागतो हे ठरलं नसेल तर तुमची जादू म्हणजे नुसते फटाके, आणि देव म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. हे मी इतकं ठासून का सांगतेय ते आजीच्या नारळावरून सांगते.

माझा मामा लहानपणी खूप आजारी पडला होता तेव्हा आजीने खंडोबाला नवस बोलला, पोरगं उठून बसलं तर जेजुरीला येऊन तळी भरीन. मामा बरा झाला. पण इंदूरहून जेजुरी काय जवळ आहे, पैसे नाहीत, आजोबांना रजा नाही, असं करत करत चार वर्षं गेली. तो नवसाचा नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलेला असायचा आणि आजी दर रविवारी तो खाली काढायची, हळद लावायची, आणि कानाशी नेऊन हलवायची. आधी पाणी बुळुकबुळुक वाजायचं, मग कमी कमी होत गेलं, मग एका रविवारी पाण्याचा आवाजच नाही, आत गोटा सुटून नुसती खुडखुड. आजीने तो परत बांधला आणि आजोबांना म्हणाली, आता तरी चला, पाणी आटलं. त्याच महिन्यात निघाले सगळे.

हे आईने मला सांगितलंय, पण मी तो आवाज ऐकल्यासारखा मला आठवतो. आणि आता सांगा, जादूची व्यवस्था याच्यापेक्षा चांगली कोणती असते? यात देणारा आहे, मिळालेली गोष्ट आहे, फेडीचं ठिकाण आहे, आणि मुदत संपत चालल्याची खूण हातात घेऊन ऐकता येते. पोरं मला विचारतात मॅजिक सिस्टीम कशी बनवायची, मी म्हणते घरी जाऊन आजीला विचारा तिने आत्तापर्यंत काय काय नवस बोललेत आणि त्यातले कोणते फेडायचे राहिलेत.

म्हणजे जादू ही उचल आहे. उचल घेतली की नावे पडली. आता बहुतेक जण पहिल्या ड्राफ्टमध्ये काय करतात, की जादू केली, नाकातून रक्त आलं, चक्कर आली, दुसऱ्या दिवशी झोपून उठला की परत ठणठणीत. याला किंमत म्हणत नाहीत. झोपेने फिटतं ते देणं नाही. किंमत अशी हवी की परत आणता येणार नाही, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली किंमत ती, जी जादू करणाऱ्याला नाही, दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागते आणि करणाऱ्याला ते उशिरा कळतं. आमच्या अकरावीतल्या एका मुलीने आधी असं लिहिलं होतं (तिला विचारून देतेय):

तिने हात वर केला, डोळे मिटले, प्राचीन मंत्र म्हटला आणि तिच्या तळहातातून निळ्या ज्वाळा बाहेर पडल्या. शत्रू मागे हटले.

ठीक आहे, चुकीचं काही नाही, पण अशी पानं आपण शंभर वाचलीयत. मग आम्ही वही उघडली आणि मी विचारलं की आग आली कुठून? कोणाची होती? ती दोन रविवार गप्प होती आणि तिसऱ्या रविवारी हे घेऊन आली:

तिने तळहात उघडला. तिकडे गावात मावशीची चूल विझली. हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच जाणवलं की आगीला गोवऱ्यांचा वास येतोय.

चार वाक्यं. आता वाचणाऱ्याला माहितीये, तिला माहीत नाही, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती हात वर करेल तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणार. निळ्या ज्वाळा गेल्या, गोवऱ्यांचा वास आला. मी त्या दिवशी तिला सांगितलं की आता तुझी कादंबरी सुरू झाली.

महाभारत याच हिशोबावर चालतं, नीट बघा. कर्णाला इंद्राने शक्ती दिली ती एकदाच वापरायची अट घालून, आणि बदल्यात कवचकुंडलं काढून घेतली. ती शक्ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलेली, पण घटोत्कचावर खर्च करावी लागली. परशुरामांकडून विद्या घेतली खोटं सांगून, तर शाप मिळाला की नेमकी गरजेच्या वेळी आठवणार नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येतं, परत घेता येत नाही, मग ते उत्तरेच्या गर्भावर जातं. अभिमन्यूला आत जायचं माहीत, बाहेर यायचं नाही. प्रत्येक शक्तीला एक पोटकलम आहे आणि ते आधीच सांगून टाकलेलं आहे. हे महत्त्वाचं, आधी सांगा. अट पहिल्या पन्नास पानांत वाचणाऱ्याला कळली पाहिजे, शेवटच्या लढाईत अचानक नवीन मंत्र आठवला असं केलंत तर चौदा वर्षांचं पोरगंसुद्धा पुस्तक मिटून ठेवतं.

आता देव. देवांच्या बाबतीत लोक एक चूक करतात की देवाला सगळं येतं. सगळं येत असेल तर मग तो लढाई का थांबवत नाही, आणि हा प्रश्न वाचणारा विचारणारच. उत्तर आपल्या गावांमध्येच आहे, हद्द. मारुती वेशीवर, म्हसोबा बांधावर, साती आसरा पाण्याशी, कुलदैवत घराण्याचं. एकाचं दुसऱ्याच्या हद्दीत चालेलच असं नाही. नदी ओलांडली की तुमचा देव मागे राहिला, असा एक नियम नुसता ठरवून बघा, सैन्य कूच करतंय आणि पुलाच्या अलीकडे सगळे थांबून मागे वळून हात जोडतायत, तो प्रसंग आपोआप लिहिला जातो.

दुसरी गोष्ट, देवाला घर द्या. खंडोबाला म्हाळसा आहे आणि बाणाईही आहे, धनगराची लेक, आणि वाघ्या-मुरळीच्या जागरणात या दोघींची भांडणं अशी रंगतात की आपल्याच चाळीतली वाटावीत. त्यामुळे कृपा करून देवाच्या तोंडी "वत्सा, तुझे कल्याण असो" घालू नका. आपण घरात देवाशी एकेरीत बोलतो, रुसतो, पाण्यात बुडवून ठेवतो. तुमचा देवही तसाच बोलू दे, मावशीसारखा, काकासारखा, हिशोब लक्षात ठेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

आणि शत्रू कसा लिहायचा ते तर खंडोबाच्याच कथेत आहे. मणी आणि मल्ल हे दोन भाऊ, असुर. मार्गशीर्षातले सहा दिवस लढाई चालते, चंपाषष्ठीला संपते. मणी शरण येतो, वर मागतो, आणि देवाशेजारी त्याला जागा मिळते, लोक त्यालाही पुजतात. मल्ल वाकत नाही, त्याचं डोकं देवळाच्या पायरीशी. दोन भाऊ, एकच पराभव, शेवट दोन वेगळे. तुमचा व्हिलन एकटा असेल तर त्याला एक भाऊ किंवा बहीण देऊन बघा, खरंच सांगते, अख्खी कादंबरी उभी राहते. एक मात्र पाळा, असुर लिहिताना त्याचं बोलणं, कपडे, काम हे आजच्या कोणत्या जातीजमातीवर बेतू नका. वाचणारं पोरगं त्याच घरातलं असू शकतं, त्याला स्वतःचा आजा राक्षस म्हणून वाचायला लागू नये.

खरे देव घ्यायचे की नवीन बनवायचे असं सगळे विचारतात. मी म्हणेन तुमचे बनवा, पण वागणूक आपल्याकडून घ्या. खरा देव घेतलात तर त्याच्या कथेतलं एक अक्षर हलवताना दहादा विचार करा, कारण इंदूरच्या राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडासमोर, म्हणजे खंडोबासमोर, हात जोडणारी माणसं आजही आहेत. आणि राज्य-देव यांचं नातं लिहायचं असेल तर अहिल्याबाईंचं बघा, राज्य शंकराचं, आपण फक्त त्याच्या वतीने चालवतोय असं मानून त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून कारभार केला. आता कल्पना करा, तुमच्या कादंबरीत एक राणी देवाच्या नावाने हुकूम काढते, आणि एके दिवशी देव येऊन म्हणतो, हा हुकूम मी दिलाच नव्हता. हे फुकट देतेय, घ्या कोणाला हवं तर.

भुतांना विसरू नका. आपल्याकडे मुंजा आहे, मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. म्हणजे तुमच्या वाचकाच्याच वयाचं भूत! चकवा आहे, रात्री वाट चुकवतो, गोल गोल त्याच जागी आणतो. एवढा माल घरात असताना बाहेरून ड्रॅगन आणायची गरज मला तरी वाटत नाही.

लढाईवर जास्त वेळ द्या, कारण तिथेच सगळ्यांचं फसतं. दोन सैन्यं समोरासमोर, तुतारी, तलवारी, रक्ताचे पाट, आणि तीन पानांनी कोणीतरी जिंकलं. लढाई आधी पोटाची आणि चाकांची असते. आपल्या माळव्याची काळी माती पावसात पायाला किलो-किलोने चिकटते, त्यात तोफेचं चाक रुतलं तर बैलही हरतात, म्हणून तर मराठ्यांच्या मोहिमा पावसाळा संपून दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की निघायच्या. एवढी एक गोष्ट घेतलीत तरी तुमच्या जगाला कॅलेंडर मिळतं, पाऊस लांबला तर लढाई लांबते, आणि पावसाच्या देवाला कोणीतरी लाच देऊ शकतं. पानिपत बघा, १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली पण हार त्याच्या आधी कित्येक आठवडे सुरू होती, रसद तुटली, माणसं आणि जनावरं उपाशी, सोबत बाजारबुणगे आणि यात्रेकरू, शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडले. तेव्हा वहीत सैन्याचंही एक पान करा. रोज किती तोंडं, किती घोडे, दाणावैरण कुठून येते, किती दिवसांची शिल्लक. शिल्लक शून्य होते त्या दिवशी तुमचं प्रकरण आपोआप सुरू होतं.

आणि लढाई छावणीच्या आत हरली जाते हेही लिहा. उज्जैनच्या पुढे शिप्रेकाठी महिदपूर आहे, तिथे २१ डिसेंबर १८१७ ला होळकर आणि कंपनी सरकारची लढाई झाली. त्याच्या आदल्याच दिवशी कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच लोकांनी मारलं होतं. गादीवर तिसरा मल्हारराव, वय जेमतेम अकरा. त्याची सावत्र बहीण भीमाबाई, तरुण, घोडदळ घेऊन लढलेली. होळकरांचा तोफखाना चांगला होता, गोलंदाज शेवटपर्यंत तोफांशी उभे राहिले, तरी लढाई गेली, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. मी पोरांना विचारते, तुम्ही त्या रात्री छावणीत असता, पंधरा वर्षांचे, घोड्यांना दाणा घालायचं काम तुमच्याकडे, आणि तंबूबाहेर कुजबुज ऐकू आली की बाईंना नेलं, तर तुम्ही काय केलं असतं? कोणालाच तलवार उपसावीशी वाटत नाही. कोणी म्हणतं मी घोडा सोडून पळालो असतो, कोणी म्हणतं त्या मुलाजवळ जाऊन बसलो असतो. तीच खरी पानं.

म्हणून तुमच्या हीरो किंवा हिरोइनला लढाईत एक काम द्या, नुसती निवडलेली-विशेष-व्यक्ती करून ठेवू नका. जासूद, पखालीने पाणी नेणारा, जखमा धुणारी, तोफेला बत्ती देणाऱ्याचा मदतनीस. काम असलं की ती व्यक्ती कुठे उभी आहे, तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे पक्कं होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकासाठी लिहिताना हे अजूनच लागू, मोठी माणसं मूर्ख दाखवून मुलांना शहाणं करायचं ही सोपी वाट सोडा, मोठ्यांनाही बरंच कळतं पण त्यांचे हात बांधलेले असतात, कशाने बांधलेत ते वहीत नावे बाजूला बघा.

गर्दी लिहायची प्रॅक्टिस करायची असेल तर रंगपंचमीला राजवाड्यावर गेरमध्ये, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत जा. फोन घरी ठेवा. मी गेल्या वर्षी एका ठिकाणी भिंतीला टेकून तासभर उभी राहिले होते, टँकरवरून रंगाचे फवारे वर इमारतींच्या मजल्यांपर्यंत जात होते, आणि मला बहुतेक वेळ काय दिसलं, तर समोरच्या माणसाच्या शर्टाची उसवलेली शिवण. बस. ढोल छातीत वाजतात, कानात नाही. शेजारच्या बाईच्या हातातून मुलाचा हात सुटला तेव्हा तिचं तोंड उघडं दिसलं पण आवाज आलाच नाही, मग कोणीतरी मुलाला खांद्यावर उचललं आणि तिला दिसला. गेर पुढे गेल्यावर रस्त्यावर एकेकट्या चपला. घरी येऊन मी फक्त हे लिहिलं आणि माझ्या लढाईचं प्रकरण बदललं, वरून दिसणारं रणांगण काढून टाकलं, आता तिथे एक शिवण आहे आणि चपला आहेत.

लढाईनंतरचं एक प्रकरण तरी हवंच. पानिपतची बातमी पेशव्यांना सावकाराच्या पत्रातून कळली, त्यात होतं की दोन मोती गळाले, २७ मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. बघा, तिथेही हिशोबाचीच भाषा. तुमच्या जगात बातमी कशी पोचते, कोण ती वाचतं, कोणाला वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याकडे पळतं, यावर चार पानं खर्च करा.

भाषेचं थोडक्यात. नावं शोधताना इंग्रजी वळणाची एल्डोर-बिल्डोर छाप गावं नकोत, आपल्या आजूबाजूला बघा, खेडी, पुरा, गढ, घाट, टेकरी लागून नावं बनतात, तशी बनवा आणि मोठ्याने हाक मारून बघा, हाक मारता आली नाही तर बदला. पात्रांना आपल्यासारखं बोलू द्या. आमची इंदूरची मराठी पुण्यासारखी नाही, मध्येच हिंदी येते, पोरं एकमेकांना भिया म्हणतात, मग एखाद्या शिपायाने दुसऱ्याला भिया म्हटलं तर काय बिघडलं. तो लगेच आपला वाटतो.

कामाची पद्धत म्हणाल तर रोज ४०० शब्द, दीडशे दिवसांत ६०,००० होतात, पानाला २५० धरले तर २४० पानं, भरपूर झालं. टायपिंग जमत नसेल तर फोनवर बोलून लिहा, स्वल्पविराम नंतर टाकता येतात. पहिला ड्राफ्ट पूर्ण होईपर्यंत मागे जाऊन सुधारू नका, फक्त वहीत नोंद करत राहा. मग शेवटी वही घेऊन बसा आणि तेरीज, म्हणजे सगळ्या हिशोबाची गोळाबेरीज काढा, कोणाच्या नावे काय पडलंय आणि ते जमेला कुठे आलं. सगळं फिटलंच पाहिजे असं नाही, पण जे फिटलं नाही ते तुम्ही मुद्दाम ठेवलंय की विसरलात हे माहीत पाहिजे.

आणि मोठ्याने वाचून दाखवा, घरातल्या कोणालाही. त्या चुलीवाल्या मुलीने अख्खा ड्राफ्ट आजीला वाचून दाखवला, आठ-दहा रात्री लागल्या, आजी भाजी निवडत ऐकायची. शेवट झाला, युद्ध संपलं, राज्य आलं, देव परत गेले. आजी म्हणाली छान आहे गं, पण मग मावशीची चूल कोणी पेटवली?

पोरीने वही आणून पान काढलं. उजवीकडे सतरा वेळा लिहिलेलं, चूल, चूल, चूल. डावी बाजू कोरी. आता ती एकविसावं प्रकरण लिहितेय, त्यात हिरोइन काड्यापेटी घेऊन गावात शिरते आणि पहिलं दार वाजवते.